चिरा उन्हात कठीण होतो तो कोणता बदल? आणि काळी वाळू गंजत का नाही?

राजापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी दोन प्रश्न पाठवलेत. (चिरा म्हणजे जांभा या तांबड्या दगडाचा बांधकामासाठी कापलेला ठोकळा.) सातवीला भौतिक आणि रासायनिक बदल शिकवत असताना एका मुलाने विचारलं, "आमच्या शेजारच्या खाणीत चिरा काढतात तेव्हा तो सहज तासता येतो. तोच चिरा अंगणात वर्षभर रचून ठेवला की घण लागतो. मग हा भौतिक बदल की रासायनिक?" बाईंनी पुस्तकातली कसोटी लावून बघितली. दगडाचा दगडच राहिला, म्हणजे भौतिक. पण पुन्हा मऊ होत नाही, म्हणजे रासायनिक. एकाच कसोटीने दोन उत्तरं आली. दुसरा प्रश्न वर्गातल्या एका मुलीचा. रत्नागिरीच्या सहलीत मांडवीच्या काळ्या वाळूत तिने लोहचुंबक फिरवला आणि त्याला वाळूच्या मिशा फुटल्या. चुंबकाला चिकटते म्हणजे लोखंड असणार. मग खाऱ्या पाण्यात राहून ती गंजत का नाही? जाता जाता बाईंनी परीक्षेत काय लिहायचं आणि मिठागरातलं मीठ हा कोणता बदल, हेही विचारलंय.

अठ्ठावीस वर्षं मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर, चिरेखाणींत आणि किनाऱ्यावर भूशास्त्राचं काम केलं आहे. दोन्ही प्रश्न मला इतके आवडले की उत्तर लांबणार आहे, तेवढं चालवून घ्या.

आधी ती कसोटी बाजूला ठेवू. "उलटा करता येतो तो भौतिक, येत नाही तो रासायनिक" ही व्याख्या नव्हे, ती एक ढोबळ खूण आहे आणि बऱ्याचदा फसवते. नारळ फोडला की पुन्हा जुळत नाही, पण खोबरं खोबरंच राहतं, करवंटी करवंटीच. बदल भौतिक. उलट चुन्याच्या गोष्टीत (ती शेवटी सांगतो) आपण जिथून निघालो तिथेच परत येतो, आणि वाटेतला प्रत्येक बदल रासायनिक असतो. विचारायचं ते एवढंच: आधी कोणते पदार्थ होते आणि नंतर कोणते आहेत? दगडाच्या बाबतीत पदार्थ म्हणजे खनिज. जांभा हा एक पदार्थ नाही, ते चार-पाच खनिजांचं मिश्रण आहे. म्हणून "दगडाचा दगडच राहिला" हे म्हणणं "भाजीची भाजीच राहिली" असं म्हणण्यासारखं आहे. आत काय होतं आणि काय झालं, ते पाहिल्याशिवाय उत्तर निघत नाही.

कोकणातल्या मुलांना हे समजावायला गणपतीच्या शाळेइतकी, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्याइतकी, चांगली जागा नाही. श्रावणात मुलं तिथेच घुटमळत असतात. शाडूची मूर्ती सावलीत वाळते आणि टणक होते. वाळताना फक्त पाणी निघून जातं. मातीची कण न् कण तीच असते, तिच्यातली खनिजंही तीच. म्हणून मूर्ती पाण्यात बुडवली की काही तासांत तिचा पुन्हा चिखल होतो. हा भौतिक बदल.

शेजारच्या शेडमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती ओततात. ती पूड पाण्यात कालवली की दहा-वीस मिनिटांत घट्ट होते. हात लावला तर साचा कोमट, कधी चांगलाच गरम लागतो. इथे पाणी बाहेर जात नाही, आत बांधलं जातं. १४५ ग्रॅम पूड २७ ग्रॅम पाणी पकडून ठेवते आणि १७२ ग्रॅम जिप्सम तयार होतं. जिप्सम हे वेगळं खनिज आहे, त्याचे स्फटिक सुयांसारखे एकमेकांत अडकतात आणि म्हणून मूर्ती घट्ट बसते. ती पाण्यात टाकली तर विरघळायला फार वेळ लागतो, कारण एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. आता गंमत बघा. हेच जिप्सम साधारण १५० अंशांवर तापवलं की त्यातलं बहुतेक पाणी उडून पुन्हा प्लास्टर ऑफ पॅरिस मिळतं. कारखान्यात ते बनवतात तेच असं. म्हणजे उलटा करता येणारा, पण अस्सल रासायनिक बदल. कसोटी फसते ती ही अशी.

शाडू पाणी सोडून कठीण होतो, प्लास्टर पाणी धरून कठीण होतं. चिऱ्यात काय होतं?

आपल्या सड्याखाली मूळ खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात साधारण निम्मी सिलिका, बाकी लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. कोकणातला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वरचा पाऊस आणि त्यामागून येणारा सात-आठ महिन्यांचा कोरडा काळ, हे चक्र लाखो वर्षं चाललं की पाणी कॅल्शियम आणि सोडियम आधी धुऊन नेतं, मग सिलिकाही बरीचशी नेतं. न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडच्या रूपात. तो जांभा. ॲल्युमिनियम जास्त साचलं तिथे बॉक्साइट, जसं दापोली-मंडणगडकडच्या सड्यांवर.

ताज्या खाणीत उतरून बघा. कापलेल्या भिंतीवर पिवळे, तांबडे, जांभळट डाग, मधे वेड्यावाकड्या नळ्या, आणि त्या नळ्यांत पांढरट ओली चिकणमाती. अंगठ्याने दाबली तर बोटाला लागते. त्या मातीतलं मुख्य खनिज केओलिनाइट. पिवळा-तपकिरी भाग गोथाइटचा, हे लोह, ऑक्सिजन आणि पाण्याचे घटक बांधलेलं खनिज. तांबडा भाग हेमॅटाइटचा, यात फक्त लोह आणि ऑक्सिजन. यांशिवाय थोडं लोह असं असतं की त्याचे स्फटिक अजून नीट बनलेलेच नसतात. ओल्या गाळासारखं ते सगळ्या कणांवर लपेटलेलं असतं. चिऱ्याची सगळी मेख या शेवटच्या लोहात आहे.

चिरा उघड्यावर आला की आधी ओल जाते. इथपर्यंत शाडू आणि चिरा सारखेच. पण ओल जात असताना ते लपेटलेलं लोह स्फटिक बनू लागतं, गोथाइटचे बारीक स्फटिक एकमेकांना जोडले जातात, उन्हाने तापणाऱ्या पृष्ठभागावर काही लोह पाणी सोडून हेमॅटाइटकडे वळतं. पाऊस आला की थोडं लोह पुन्हा हलतं, ऊन आलं की पुन्हा बसतं. असं ओलं-सुकं होत होत कणाकणांत लोहाची जाळी विणली जाते. ही जाळी पाण्यात सुटत नाही. म्हणून शाडू पुन्हा चिखल होतो आणि चिरा होत नाही. तुमच्या विद्यार्थ्याला सांगायचं उत्तर असं: चिरा वाळणं हा भौतिक बदल आहे, त्यामागोमाग लोहाच्या खनिजांत होणारा बदल रासायनिक आहे, आणि चिरा कायमचा कठीण होतो तो दुसऱ्यामुळे. दोन्ही बदल एकाच दगडात, एकाच वेळी चालतात.

हे पहिल्यांदा शास्त्रीय लेखनात आणलं फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीसाठी दक्षिण भारताची पाहणी करणाऱ्या डॉक्टरने, १८०७ साली. केरळात अंगाडिपुरम इथे त्याने लोकांना हा दगड लोखंडी हत्यारांनी कापताना पाहिलं. कापल्यावर लवकरच तो विटेसारखा कठीण होतो आणि हवा-पाण्याला विटेपेक्षा चांगला टिकतो, हे त्याने नोंदवलं, आणि वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. आपल्या गवंड्यांना आणि पाथरवटांना ते पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. ताजा चिरा लगेच भिंतीत घालायचा नाही, हा त्यांचाच नियम. एका गावात मी एक घर बघितलं आहे, ठेकेदाराने घाईने मे महिन्याच्या शेवटी खाणीतून आणलेले ओले चिरे तसेच चढवले आणि लगेच गिलावा केला. पहिल्याच पावसात पश्चिमेच्या भिंतीचे कोपरे हाताने उकरता येत होते. दगड वाईट नव्हता, त्याला ऊन मिळालं नव्हतं. आणि उलट बाजूला आपली कातळशिल्पं बघा. बारसू, कशेळी, देवीहसोळ इथल्या सड्यांवर जांभ्याच्या कठीण पाठीवर कोरलेल्या आकृत्या इतक्या पावसाळ्यांनंतरही वाचता येतात.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवा. गोथाइटचं काठिण्य मोसच्या मापात ५ ते साडेपाच. हे माप १८१२ सालचं, १ वर शंखजिरं आणि १० वर हिरा. नख अडीच, लोखंडी खिळा साडेचार-पाच, काच साडेपाच. म्हणजे गोथाइटचा निखळ स्फटिक खिळ्याला दाद देत नाही. मग ताजा चिरा खिळ्याने का उकरला जातो? कारण तिथे आपण खनिज ओरखडत नसतो, कणांमधली पकड ओरखडत असतो. तांदळाचा दाणा कठीण असतो, पण तांदळाच्या पोत्यात हात सहज जातो. काठिण्य हा खनिजाचा गुण. दगडाचा टणकपणा हा त्या खनिजांच्या बांधणीचा गुण. खनिजशास्त्र शिकलेली मुलंसुद्धा यात चुकतात.

रासायनिक बदल घडतो हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर एक प्रयोग आहे. जांभ्यातला पिवळा-तपकिरी भाग निवडा, तांबडा अजिबात नको. खलून बारीक पूड करा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून पूर्ण वाळवा. आता चमचाभर पूड कोरड्या परीक्षानळीत घेऊन, नळीचं तोंड किंचित खाली झुकवून, स्पिरिटच्या दिव्यावर धरा. पूड हाताला कोरडी ठणठणीत असते, तरी थोड्या वेळाने नळीच्या थंड भागात पाण्याचे बारीक थेंब जमतात. त्याच वेळी पिवळा रंग तपकिरी, मग विटकरी, मग लालभडक होत जातो. हे पाणी ओल नव्हतं. ते खनिजाच्या बांधणीतले घटक वेगळे होऊन बनलेलं पाणी आहे. साधारण २५० ते ३०० अंशांच्या आसपास गोथाइट मोडून हेमॅटाइट होतं, आणि शुद्ध गोथाइटचं वजन सुमारे १० टक्के घटतं. थंड झाल्यावर या लाल पुडीवर कितीही पाणी ओता, पिवळी होत नाही. मी हा प्रयोग वर्गात करतो तेव्हा पहिल्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणतं, "गेरू झाला!" बरोबरच आहे, गेरूचा रंग हेमॅटाइटचाच. कोकण-गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर काढलेली तांबडी कावी चित्रं, त्यांचा रंगही हाच.

आता नळीत आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे रंगावरून ठरवू नका. रंगाने मलाही सुरुवातीच्या वर्षांत फसवलं होतं. एका सड्यावरचा काळसर चकाकणारा थर मी हेमॅटाइट म्हणून वहीत लिहिला. संध्याकाळी तुकडा फरशीवर घासला तर रेघ पिवळी-तपकिरी आली. गोथाइट होतं ते, आणि मला दिवसभराची नोंद दुरुस्त करावी लागली. या रेघेला कस म्हणतात, सोनाराच्या कसासारखाच. बाथरूमच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू कसाला उत्तम. गोथाइट बाहेरून काळं असो की पिवळं, कस पिवळट-तपकिरी. हेमॅटाइट बाहेरून पोलादी करडं असलं तरी कस तांबडा. मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज, त्याचा कस काळा. शाळेत दहा रुपयांत होणारी खनिजाची यापेक्षा खात्रीची परीक्षा मला माहीत नाही.

आता काळ्या वाळूकडे. ही वाळूसुद्धा बेसाल्टचीच लेक. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट (लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं खनिज) यांचे बारीक काळे कण असतात. खडक कुजला तरी ते लवकर कुजत नाहीत, नद्या-ओढ्यांतून समुद्रात येतात. पुढचं काम लाट करते, आणि ते सूप पाखडण्यासारखं आहे. साध्या वाळूतल्या क्वार्ट्‌झचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.६५, शिंपल्यांचं पावणेतीनच्या आसपास, इल्मेनाइटचं सुमारे ४.७ आणि मॅग्नेटाइटचं ५.२. परतणारी लाट हलकं ते घेऊन जाते, जड ते मागे सोडते. मांडवीला, काळबादेवीला, मिऱ्याला काळे पट्टे दिसतात ते असे साचलेले. यात एकही नवीन पदार्थ बनलेला नाही. नुसती निवड, म्हणजे भौतिक बदल.

चुंबकाला लगेच मिशा फुटतात ते मॅग्नेटाइट, आपल्याकडे बहुधा टायटॅनियम मिसळलेलं. इल्मेनाइट साध्या चुंबकाकडे फारसं वळत नाही, त्याला जोरदार चुंबक लागतो. टायटॅनियमसाठी महत्त्व आहे ते या इल्मेनाइटला. पांढऱ्या ऑइलपेंटमधला पांढरेपणा ज्या टायटॅनियम डायऑक्साइडने येतो, तो या काळ्याकुट्ट कणांतूनही काढतात. त्यासाठी मात्र रासायनिक प्रक्रिया करावी लागते, चाळून किंवा दळून तो कधीच मिळणार नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचं चुकलं ते एकाच जागी: चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड, असं तिने धरलं. चुंबकत्व हा भौतिक गुण आहे, तो त्या खनिजात अणू कसे रचलेत त्यावर ठरतो. मॅग्नेटाइटमध्ये वजनाने सुमारे ७२ टक्के लोह असतं, हेमॅटाइटमध्ये सुमारे ७०. जवळजवळ सारखंच. पण मॅग्नेटाइट चुंबकावर उडी मारतं आणि हेमॅटाइट ढिम्म हलत नाही. आणि दोघांतही लोखंड हा धातू नाही. तिथलं लोह ऑक्सिजनशी बांधलेलं आहे.

गंजणं म्हणजे धातूरूपातल्या लोखंडाने ऑक्सिजन आणि पाणी धरणं. मॅग्नेटाइटमधल्या लोहाने ऑक्सिजन केव्हाच धरलेला आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी, लाव्हा थिजतानाच. गंजायला उरलंय फार थोडं, आणि तेही अतिशय सावकाश होतं. मॅग्नेटाइटचं हळूहळू हेमॅटाइट होऊ शकतं, पण त्याचा काळ आपल्या मोजण्यातला नाही. तुमच्या विद्यार्थिनीच्या घराचं लोखंडी गेट मात्र दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं, कारण तिथे लोखंड नुसतं आहे आणि खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजण्याला वेग देतं.

त्या गेटचा एक पापुद्रा मुलांना आणायला सांगा आणि फरशीवर घासा. कस पिवळट-तपकिरी येईल. गंजातला मोठा भाग गोथाइट आणि त्याच्याच जातीची खनिजं असतात. म्हणजे चिऱ्याच्या गडग्यात, आवाराच्या दगडी कुंपणात, लोह जे रूप घेऊन बसलंय, गेटचं लोखंड हळूहळू त्याच रूपाकडे चाललंय. हा क्षण वर्गात मला फार आवडतो. मुलं गेटकडे आणि गडग्याकडे आळीपाळीने बघतात.

चुन्याचं वर बोलून गेलो, ते थोडक्यात. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजले की १०० किलोतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून ५६ किलो कळीचा चुना राहतो. त्यात पाणी घातलं की तो रटरटून फुलतो, आणि भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका. पाणी घालताना उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. त्याऐवजी पांढऱ्या समुद्राच्या वाळूवर लिंबू पिळा. जिथे बुडबुडे येतील ते कण शिंपल्यांचे, बाकीचे नाहीत.

परीक्षेत काय लिहायचं हेही तुम्ही विचारलंत. सातवीच्या पेपरात चिरा येणार नाही, पण आलाच तर "वाळणे भौतिक, लोहखनिजांतील बदल रासायनिक" एवढं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. आणि मिठाबद्दल: मिठागरात पाणी आटून मीठ राहतं तो भौतिक बदल, यात शंका धरू नका. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आधीपासूनच असतात, ऊन ते नव्याने बनवत नाही.

चिऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला एक काम द्या. दिवाळीनंतर खाणी सुरू झाल्या की एकाच ताज्या चिऱ्याचे दोन तुकडे मागून आणायला सांगा. एक पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून सावलीत ठेवा, पाणी कमी होऊ देऊ नका. दुसरा शाळेच्या गच्चीवर उघडा ठेवा आणि आठवड्यातून दोनदा त्यावर तांब्याभर पाणी ओता, म्हणजे ओलं-सुकं होत राहील. मे महिन्यात शाळा सुटायच्या आधी बादलीतला तुकडा बाहेर काढा आणि गच्चीवरचाही रात्रभर भिजवून घ्या, म्हणजे दोघांत ओल सारखी असेल. मग एकच खिळा, एकच हात, तेवढाच जोर, आणि त्या मुलाला दोन्हींवर रेघ ओढू द्या.